आठ महिने चाललेला डबा

आमच्या कॉलेजात केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकल परीक्षेला पोरं समोरच्या टेस्ट ट्यूबकडे कमी आणि भागोजींच्या नाकाकडे जास्त बघायची. हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं गेली. तेव्हा मी नवीन होते आणि तापट होते. आता नवीन नाही, एवढाच फरक.

भागोजी येलवे आमचे लॅब अटेंडंट. परीक्षेत प्रत्येकाला एक पांढरी पूड मिळते आणि ती कशाची ते शोधून काढायचं असतं. पुडीत अमोनियम असेल, तर कॉस्टिक सोडा घालून तापवलं की अमोनिया सुटतो. तो पोरांच्या आधी भागोजींना कळायचा. ते खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला बाटल्या पुसत उभे असायचे, आणि त्यांची डावी नाकपुडी जराशी हलायची. झालं. टेबलावरची पोरगी 'अमोनियम आहे' असं लिहून मोकळी. मी त्यांना बोलावून झापलं, "तुम्ही पोरांना खुणा करता?" त्यांना मनापासून वाईट वाटलं. "खुणा कसल्या, मॅडम? नाक हाय ते. हलतं." पुढच्या परीक्षेपासून ते बिचारे भिंतीकडे तोंड करून उभे राहायला लागले. मग पोरं त्यांच्या मानेकडे बघायची, असं मागाहून कळलं.

त्या नाकानेच त्यांना लॅबमध्ये आणलं होतं. मुळात ते गेटवरचे शिपाई. घंटा द्यायची, फाटक उघडायचं, 'ए शिपाई' अशी हाक आली की धावायचं. माझ्या आधीच्या विभागप्रमुखांच्या काळात एकदा लॅबमध्ये गॅसचा कॉक उघडा राहिला. आत तास चालू, कुणाला पत्ता नाही. भागोजी गेटवरून उठले, वर्गात शिरले, तिसऱ्या ओळीतला कॉक बंद केला, खिडक्या उघडल्या आणि परत गेटवर जाऊन बसले. गेटपर्यंत वास गेला हे मला आजही पटत नाही, पण आमच्या म्हसळ्यात ही गोष्ट अशीच सांगतात. महिन्याभरात त्यांना लॅबमध्ये घेतलं, आणि 'ए शिपाई'चे ते 'भागोजीमामा' झाले. त्यांच्या घरातून सरकारी नाहीतर कॉलेजच्या नोकरीत आलेले ते पहिलेच. पांढरा कोट त्यांची बायको भिमाबाई स्वतः नीळ घालून धुवायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

आणि ते नाक दोन हजार एकवीसच्या मे महिन्यात गेलं. करोना झाला, ताप उतरला, खोकला थांबला. वास मात्र परत आला नाही. चहाचा नाही, सुक्या बोंबलाचा नाही, कसलाच नाही. चार वर्षं त्यांनी हे कॉलेजात कुणालाही कळू दिलं नाही. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये वास न येणारा माणूस कोण ठेवील? कळलं की परत गेट आणि परत घंटा. निवृत्ती जवळ आली होती आणि तेवढी वर्षं त्यांना लॅबमध्येच काढायची होती. त्यांना दुसरं काही नको होतं.

लपवायची त्यांची रीतही केमिस्ट्रीचीच. खिशात तांबड्या लिटमसच्या पट्ट्या आणि ओल्या कापसाचा बोळा. बाटलीजवळ गेले की ओली पट्टी हळूच धरायची, निळी झाली तर अमोनिया. बाकी वेळ ते पोरांचे चेहरे वाचायचे. कुणी नाक मुरडलं, कुणी डोळे चोळले, की लगेच म्हणायचे, "तीन नंबरला सांडलंय बघा काहीतरी." पूर्वी पोरं त्यांच्या तोंडाकडे बघायची, आता ते पोरांच्या. आणि मी, विभागप्रमुख, रोज त्यांच्याशेजारी उभी राहून मला काही म्हणजे काही कळलं नाही.

दोन हजार चोवीसच्या ऑगस्टमध्ये माझी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी पूर्वी हिने प्रकल्पाला सेन्सरचा विषय घेतला. दिघीच्या वाटेवर एक बर्फाचा कारखाना आहे. बर्फ गोठवायला तिथे नळांतून अमोनिया फिरतो. तिथला ऑपरेटर सदा मला एकदा म्हणाला होता, "गळती मोठी असली तर कुत्रं पण पळतं, मॅडम. बारीक असली की आम्हाला सवय होते आणि कळतच न्हाय." ती बारीक गळती ओळखणारं यंत्र करायचं, असं आम्ही ठरवलं.

असल्या सेन्सरमध्ये असतं काय, तर नखाएवढी चिनीमातीची चकती आणि तिच्यावर कथलाच्या ऑक्साइडचा पातळ लेप. लेपातले दाणे इतके बारीक की केसाच्या जाडीत चार-पाच हजार सहज मावावेत. चकतीखाली छोटा हीटर. तापलेल्या दाण्यांवर हवेतला ऑक्सिजन येऊन बसतो आणि त्यांचे इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, म्हणून लेपातून वीज कष्टाने जाते. अमोनिया आला की तो त्या ऑक्सिजनला घेऊन जातो, इलेक्ट्रॉन सुटतात आणि वीज सहज वाहते. मीटर विजेला होणारा अडथळा मोजतो; त्याचा आकडा पडला की समजायचं, गॅस आला.

हे मी पूर्वीला सांगत होते. भागोजी मागे फ्लास्क धुत होते. नळ बंद झाल्याचं मला ऐकू आलं.

"मॅडम, कथील म्हंजे कल्हईचंच ना?"

"तेच."

"आणि कल्हईवाला भांड्यात नवसागर टाकतो, तो धूर डोळ्यात जातो, तो अमोनियाच ना?"

"त्यात अमोनिया असतो, हो."

ते थोडा वेळ फ्लास्क हातात धरून उभे राहिले. "मग ह्या दोघांची वळख जुनीच हाय," म्हणाले आणि नळ सुरू केला. एवढी वर्षं मी हे शिकवते, कल्हई माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. मला त्यांचा हेवा वाटला, स्पष्ट सांगते.

नुसत्या कथलाच्या ऑक्साइडचं एक दुखणं होतं. ते सुस्त. भरपूर गॅस आल्याशिवाय हलायचं नाही, आणि हललं तरी पाच-पाच मिनिटं लावायचं. त्यावर उपाय म्हणून दाण्यांवर पॅलेडियम धातूचे कण बसवायचे होते. भागोजींचा प्रश्न तयारच होता, "ते काय करतं?"

आमची श्रीवर्धनला नारळ-सुपारीची वाडी आहे, म्हणून मला वाडीतलंच सुचलं. "नारळ उतरवले की सोलणारा बसतो ना? अख्खा नारळ घरात नेऊन उपयोग नाही. तो वरचं सोडण काढतो आणि पुढे देतो. पॅलेडियमचा कण म्हणजे सोलणारा. गॅस आधी त्याच्याकडे येतो, तो गॅसचे तुकडे करतो आणि शेजारच्या दाण्याकडे सरकवतो. दाण्याचं काम हलकं होतं."

"आणि सोलणारा संपत न्हाय?"

"नाही. तो तसाच राहतो, पुढचा नारळ घेतो."

"मग भरपूर सोलणारे बसवा की."

"बसवून बघितले. ते एकमेकांना चिकटतात, त्यांचा गठ्ठा होतो आणि कुणीच काम करत नाही."

"ते मात्र कळलं," भागोजी म्हणाले. "ग्रामपंचायतीत बघतोय मी."

तर कण थोडे हवे होते, बारीक हवे होते आणि सगळीकडे सारखे पसरलेले हवे होते. पॅलेडियमचं द्रावण घालायची पूर्वी, आणि तिचा हात घाईचा. कण पुंजक्याने बसायचे. तीनदा बिघडल्यावर भागोजींनी थेंब सोडायच्या नळीचा, ब्युरेटचा, ताबा घेतला. दर पाच सेकंदांना एक थेंब, खाली काचेची कांडी फिरतेय, असे दीड तास. मध्ये कुणी चहा आणला तर मान हलवून नको म्हणाले. त्या लेपाचे सेन्सर आम्ही तपासले आणि पूर्वीने खुर्चीतच उडी मारली. पाच मिनिटांचं काम अर्ध्या मिनिटावर आलं होतं, आणि तेसुद्धा इतक्या थोड्या गॅसला, की माझ्या नाकाला त्याचा पत्ता नव्हता.

त्या पहिल्या खेपेतल्या एका चकतीची तार तुटली. मी म्हटलं, फेकून द्या. भागोजींनी ती फेकली नाही. हे मला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे तुमचा माझ्यासारखा गोंधळ होणार नाही. त्यांनी तार जोडली, भिमाबाईंच्या जुन्या सुपारीच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडली, आत चकती बसवली, मोबाईलची पॉवर बँक आणि एक साधा मीटर जोडला. रोज सकाळी पोरं यायच्या आत ते डबा घेऊन लॅबभर फिरायचे. सिलिंडरपाशी, कपाटापाशी, बेसिनखाली. आणि डबा जागा आहे ना हे बघायला अमोनियाच्या बाटलीचं बूच क्षणभर त्याच्यापुढे धरायचे. आकडा पडला की निर्धास्त. तारीख आणि दोन्ही आकडे एका लांबट वहीत. तीन वर्षांनी त्यांना नाक मिळालं होतं, आणि ते त्यांच्याच हातच्या थेंबांतून झालं होतं.

फेब्रुवारीत आम्ही खरा बॉक्स केला, बर्फाच्या कारखान्यात लावायला. आत दोन सेन्सर, एक साधा आणि एक पॅलेडियमचा. समोर हवा जायला जाळी, बाकी सगळं बंद. आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना खाऱ्या हवेची दहशत असते. पंख्याची पाती, सायकलची साखळी, दाराची कडी, ती काही सोडत नाही. त्यामुळे पावसाळ्याआधी घरोघरी सिलिकॉनच्या नळ्या निघतात. पत्र्याला, खिडकीला, टाकीला, जिथे फट दिसेल तिथे सिलिकॉन मारायचं. जेवलात का विचारावं तसं 'सिलिकॉन मारलं का' विचारतात. मी भागोजींना एवढंच सांगितलं, "बॉक्सच्या सांध्यातून खारी हवा आत जाता कामा नये." माझे हेच शब्द होते. हे मी अजून विसरलेले नाही.

पहिल्या आठवड्यात बॉक्स फर्मास चालला. सदा दर सोमवारी अमोनियाचा थेंब कापसावर घेऊन जाळीपुढे धरायचा आणि आकडा किती पडला ते फोनवर कळवायचा. दुसऱ्या सोमवारी पॅलेडियमचा आकडा आधीच्या निम्म्यानेच पडला. तिसऱ्या सोमवारी पॅलेडियमवाला साध्यापेक्षा मठ्ठ झाला. गंमत बघा, साधा थोडा मंदावला होता, पण चालत होता. ज्याला आम्ही सुधारून हुशार केलं, तोच आडवा झाला होता.

दुसरा बॉक्स केला. तोही तसाच गेला. तिसरा केला, तोही. प्रत्येक वेळी भागोजी म्हणायचे, "हवा लागत असणार, मॅडम. अजून नीट बंद करतो." आणि करायचे. मी माशांच्या कुजण्यावर संशय घेतला, सदाच्या बिडीवर घेतला, कारखान्याच्या पाण्यावर घेतला. आगरदांड्याच्या फेरीबोटीच्या धुरावरही घेतला, आणि ती बोट तिथून केवढी लांब. भागोजी माझ्याबरोबर एकेक शक्यता तपासायचे. कुजक्या कोळंबीचा डबा त्यांनीच आणला आणि सेन्सरपुढे दोन दिवस ठेवला. सगळी लॅब नाकाला रुमाल लावून फिरत होती. ते एकटेच शांतपणे आकडे लिहीत होते. तेव्हा मला वाटलं, काय सोशिक माणूस आहे.

तिसऱ्या बॉक्सच्या वेळी मी लॅबमध्ये शिरले तर आंबट वास आला, थेट व्हिनेगरचा. मी विचारलं, "ॲसेटिक ॲसिड कुणी सांडलं?"

"मी, मॅडम," भागोजी लगेच म्हणाले. "पुसतो." आणि फडकं घेऊन टेबल पुसायला लागले. टेबल कोरडं होतं. कोरडं टेबल पुसणारा माणूस मी माझ्या डोळ्यांनी बघितला आणि पुढे निघून गेले. त्याचा मला आजही राग येतो, माझाच.

मे उजाडला. पूर्वीचा प्रबंध जूनमध्ये द्यायचा होता. शेवटी मी तिला बोलावलं आणि माझ्या स्वभावाप्रमाणे एका दमात सांगून टाकलं, "तुझे कणच नीट बसत नाहीत. पॅलेडियमचा भाग काढून टाक आणि साध्या लेपावर काय असेल ते लिही." म्हणजे वर्षभराचं काम पाण्यात.  तिने चकत्या गोळा केल्या, एकेक कागदात गुंडाळली आणि कपाटात ठेवून दिली. भागोजी कपाटाशेजारीच उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर माझ्या टेबलावर सुपारीचा डबा आणि लांबट वही. भागोजी समोर उभे, पांढऱ्या कोटाची सगळी बटणं लावलेली.

"मॅडम, पूर्वीच्या कणांत खोट न्हाय. ही पहिल्या खेपेतली चकती हाय, तुम्ही फेकायला सांगितलेली. आठ महिने रोज चालतेय. बघा."

त्यांनी बूच पुढे धरलं. आकडा धाडकन पडला, पहिल्या दिवशी पडला होता तसाच. मी वही उघडली. एकशे ब्याऐंशी दिवसांच्या नोंदी, सुट्ट्या सोडल्या तर एकही खाडा नाही. मी अक्षरशः हरखले. बॉक्समधले तीन-तीन आठवड्यांत मेले आणि भोकं पाडलेल्या डब्यातला, खाऱ्या हवेत उघडा फिरणारा, ठणठणीत. मग माझ्या डोक्यात पुढचा प्रश्न आला.

"पण तुम्ही हे रोज का करत होतात?"

त्यांनी बूच बाटलीला घट्ट लावलं. मग म्हणाले, "मला वास येत न्हाय. करोनापासून."

मी चिडले. इथे चांगलं वागले असं लिहायला मला आवडलं असतं, पण मी चिडले. "वीस-वीस पोरं असतात इथे. गॅस सुटला असता तर?"

"म्हणून तर डबा."

"डबा आठ महिन्यांचा. त्याआधीची तीन वर्षं?"

"त्याआधी लिटमस. सिलिंडरला साबणाचं पाणी लावून बघायचो, दोन-दोन वेळा." ते खाली बघत होते. "रोज भीती वाटायची, मॅडम. सांगायची पण आणि न सांगायची पण. गेटवर परत जायचं न्हवतं मला."

माझा राग तिथेच ओसरला. मी वहीच चाळत राहिले. आणि मग ते त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "पण मॅडम, ह्यो डबा का जगला? तेवढं शोधू या."

आम्ही दोघं बसलो आणि फरक मांडायला लागलो. चकत्या एकाच हातच्या, हीटर तोच, हवा तीच. मी विचारलं, "डब्याचे सांधे कशाने बंद केलेत?"

"ह्याचे न्हाय केले. रोज उघडायचा असतो. बॉक्सना आतून सिलिकॉन मारलं होतं. घरचंच, पत्र्याला आणलेलं. दर खेपेला जास्ती मारलं."

सिलिकॉन ताजं असताना त्याला व्हिनेगरचा वास येतो. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे.

"त्या दिवशी ॲसिड सांडलं नव्हतं," मी म्हणाले.

"न्हाय. तुम्ही वास आला म्हणालात, म्हंजे आला असणार, म्हणून हो म्हटलं."

त्या दिवशी त्यांनी 'कुठे, मला तर काही सांडलेलं दिसत नाही' म्हटलं असतं, तर मी वासाचा माग काढला असता. पण ते बोलून दाखवायचं धैर्य मला झालं नाही. बॉक्स घट्ट बंद करा हे मीच सांगितलं होतं.

याविषयीचे लेख वाचून बघितल्यावर सगळं उघडच होतं. सुकताना सिलिकॉनमधून बारीक वाफा निघतात. बंद बॉक्समध्ये त्या साचतात, तापलेल्या कणांवर येतात, तिथे जळतात आणि मागे वाळूच्या जातीचा पातळ थर सोडतात. पॅलेडियम सगळ्यात चपळ, म्हणून पहिला तोच थराखाली जातो. आमचे सोलणारे जागेवर होते, पण त्यांच्या हातांवर लेप बसला होता. तरी नुसत्या वाचण्यावर भागोजींचं समाधान होईना. त्यांनी बरणीत एक नवी चकती आणि सिलिकॉनची बोटभर रेघ ठेवली, दुसऱ्या बरणीत नुसती चकती. दोन्हींना हीटर. रोज सकाळ-संध्याकाळ तपासणी. पाचव्या दिवशी सिलिकॉनच्या बरणीतली चकती मठ्ठ झाली आणि दुसरी ठणठणीत राहिली. पूर्वी आकडे लिहिताना हसत होती आणि रडत होती.

सांधे बंद तर करायलाच हवे होते. कुकरची रिंग लावून बघावी म्हटलं, तर तीही सिलिकॉनची निघाली. तिसऱ्या दिवशी भागोजी पिशवीभर मेणबत्त्यांची थोटकं घेऊन आले. बुद्धपौर्णिमा नुकतीच झाली होती आणि विहारात ती परातभर उरली होती. मेण वितळवून त्यांनी चौथ्या बॉक्सचे सांधे बाहेरून भरले, तेही थेंबाथेंबाने. तो बॉक्स सबंध पावसाळा सदाच्या कारखान्यात राहिला. जुलैत त्याने एक नळाची गळती सांगितली, जी सदाला कळली नव्हती.

प्रबंधात एक पान त्या वहीचं होतं. सिलिकॉनशिवाय चकती आठ महिने टिकते, याचा आमच्याकडे तेवढाच पुरावा. मी मजकूर तयार केला: 'प्रयोगशाळेत एक सेन्सर नियमित वापरात होता.' कुणाच्या वापरात आणि कशासाठी, ते गाळलं. भागोजींसाठी गाळलं असं मी स्वतःला सांगितलं. चार वर्षं माझ्या लक्षात आलं नाही हे जगाला कळू नये, हेही त्यात होतंच. पूर्वीने ते पान भागोजींना वाचायला दिलं. ते माझ्याकडे घेऊन आले.

"ह्यात कारण न्हाय लिहिलेलं, मॅडम."

"कारण लिहिलं तर प्राचार्य वाचतील. पुढचं तुम्हाला माहीत आहे."

"माहीत हाय. पण वाचणारा विचारील ना, एका माणसाने सुट्टी सोडून रोज आठ महिने डबा कशाला फिरवला? खोटी वही वाटेल ती. तुम्हीच पोरांना सांगता, कारण लिहा." त्यांनी पान टेबलावर ठेवलं आणि त्यावर बोट ठेवलं. "हितं लिहा. परिचर भागोजी येलवे यांना वास येत नसल्यामुळे."

मी लिहिलं. लिहून होईपर्यंत त्यांनी बोट उचललं नाही.

प्राचार्यांनी मला जुलैत बोलावलं. मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. त्यांनी वही मागितली, बरीच पानं उलटली आणि म्हणाले, "रोजची तपासणी लिहून ठेवणारा दुसरा माणूस दाखवा मला या कॉलेजात." भागोजी लॅबमध्ये राहतील, असं ठरलं. मात्र गॅसचा मुख्य कॉक यापुढे दुसऱ्या कुणीतरी उघडायचा आणि बंद करायचा. निर्णय बरोबर होता, मला मान्य आहे. तरीही कॉकची चावी दुसऱ्याच्या हातात देताना भागोजींनी ती आधी कोटाला पुसली, ते मला बघवलं नाही.

ऑक्टोबरमध्ये प्रॅक्टिकल परीक्षा होती. बाहेरचे परीक्षक आले होते. वीस पोरं, वीस पांढऱ्या पुड्या. लॅबच्या भिंतीवर आता मेणाने बंद केलेला बॉक्स आहे, आणि परीक्षेपुरता त्याचा आकडा कागदाने झाकला होता. भागोजी नेहमीच्या कोपऱ्यात बाटल्या पुसत होते. कितीतरी वर्षांनी त्यांचं तोंड भिंतीकडे नव्हतं, पोरांकडे होतं.

चार नंबरच्या पोरीने ट्यूब तापवली आणि पिढ्यान्पिढ्या चालत आल्याप्रमाणे भागोजींच्या नाकाकडे टक लावली. ताईने, नाहीतर दादाने सांगून ठेवलं असणार तिला. मी काही बोलणार तेवढ्यात भागोजीच बोलले, सगळ्या लॅबला ऐकू जाईल असं.

"हिकडं बघून काय मिळायचं न्हाय, बाय. मला वास येत न्हाय. तू घे, आणि कसा हाय ते मला सांग."

 पोरीने ट्यूब लांब धरली, शिकवल्याप्रमाणे हाताने वाफ नाकाकडे ओढली आणि तिचे डोळे पाण्याने भरले.

"मुतारीसारखा, मामा," ती म्हणाली.

सगळी पोरं हसली. परीक्षकही हसले. सगळ्यात जास्त भागोजी हसले, कोटाच्या बाहीने डोळे पुसेपर्यंत.

"बरोबर," ते म्हणाले. "तसाच असायचा."

मी खिडकी उघडायला गेले आणि बराच वेळ तिथेच उभी राहिले.